ब्रनोच्या स्टेशनावरचा लसूण

सत्त्याण्णव साली उद्यमबागेतल्या कारखान्यानं
आम्हा दोघांना चेक मुलखात एक जुनी लेथ बघायला पाठवलं.
मी कल्लाप्पा मुतगेकर, फिटर.
आणि बसलिंग हुक्केरी, पॅटर्नशॉपचा.
गेटवर भेटलो तर राम राम नाही, नमस्कारा नाही,
नुसती मान.
पाटीवर कुठली अक्षरं मोठी, यावरून
त्याच्या सायकलीची हवा एकदा कुणीतरी सोडली होती.
कुणी, ते मला ठाऊक होतं.

पहिले तीन दिवस घरचं पुरलं.
त्याच्याकडं जोंधळ्याच्या कडक भाकऱ्या,
बॅगेतच मोडून चुरा झालेल्या.
माझ्याकडं चिवडा, आणि मथुरानं
"तिथं काय मिळतंय की नाही" म्हणून कोंबलेला
गोकाकचा करदंट, अर्धा किलो.
खोली एक. कपाटं दोन.
आपापल्या कपाटाकडं तोंड करून खाणं.

चौथ्या दिवशी कँटीनात
वाफाळत्या जाड शेवयांवर काळी भुकटी पडली,
वर पिठीसाखर.
मला वाटलं, भट्टीतली राख.
बसलिंगनं बोटावर घेऊन चाखली,
डोळे मिटले, आणि चक्क मराठीत म्हणाला,
"खसखस हाय की! मांड्यातली."
आमची पांढरी, त्यांची काळी, एवढंच.
मग उपड्या खापरावर मांडा टाकणाऱ्या
त्याच्या आत्याबद्दल तो बोलत बसला,
तिच्या कोपरापर्यंत भाजलेल्या हातांबद्दल,
आणि मी बोट दाखवून दुसरी ताटली मागवली.

रविवारी सगळी दुकानं बंद.
पाऊस नव्हे, बर्फ नव्हे, मधलंच काहीतरी पडत होतं.
स्टेशनाबाहेरच्या टपरीत हिरव्या स्वेटरची म्हातारी
पिठाचा गोळा हातानंच ओढून तेलात सोडायची.
ताटाएवढा, मध्ये पातळ, कडेला फुगलेला.
वर ब्रशनं, आम्ही मोल्डला ग्राफाइट लावतो
तसल्याच ब्रशनं,
लसणाचं पाणी.
रांगेत कधी उभे राहिलो, दोघांनाही सांगता आलं नसतं.

सुटे पैसे एकापुरतेच.
कागदातनं बोटं भाजत होती.
तो तिकडनं, मी इकडनं, फाडत फाडत मध्यापर्यंत आलो,
तेव्हा त्यानं कोटातनं पुडी काढली.
शेंगाचटणी, कन्नड पेपरात बांधलेली,
तेलानं बातमी आरपार दिसणारी.
म्हातारीनं हात पुढं केला.
चिमूटभर दिली.
ती खोकली, डोळे पुसले,
आमच्याशी लांबलचक काहीतरी बोलली
आणि दुसरा तळून दिला, फुकट,
ब्रश दोनदा फिरवून.

परतताना व्हिएन्नात भाजलेले चेस्टनट खाल्ले,
कागदी कोनातले. रताळ्यासारखे. बरे होते.
राईचा काळा पाव, विटेएवढा जड.
"ह्याच्यावर खानापूरपतोर चालत जाता येतंय," बसलिंग म्हणाला.
लेथ घेतली नाही. स्पिंडल वाकलेला निघाला.

आता दोघंही रिटायर.
रविवारी मी वडगावच्या घरात मैदा भिजवतो.
"पुरीच की ही, मोठी," मथुरा म्हणते,
"एवढ्यासाठी इमानातनं गेल्तासा?"
लसूण कधी जळतो, कधी कच्चा राहतो.
ब्रश तीनदा बदलला.
पंखा पाचावर ठेवून तळून बघितलं,
गॅसच विझला.

दिवेलागणीला बसलिंगची स्कूटर येते.
दारातनंच विचारतो, "ऊटा आत्?"
"व्हायचंय. ये."
पुडी जाऊन आता प्लास्टिकची डबी आली आहे, सुनेनं दिलेली.
डॉक्टरनं तेल बंद केलंय, त्याचंही, माझंही.
तो तिकडनं फाडतो, मी इकडनं.
सायकलीची हवा मीच सोडली होती,
हे सांगायचं दर रविवारी ठरवतो,
आणि नेमकं तेव्हा तोंड भरलेलं असतं.